केनी क्लार्कचं सिंबल ऐकू येतंय का? (युरोपात राहिलेल्या जॅझवाल्यांच्या रेकॉर्डांचे रीइश्यू, म्हणजे पुन्हा काढलेल्या आवृत्त्या)

निळी_तबकडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जॅझवर इथे फार कमी लिहिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागच्या महिन्यात पियानोवादक बड पॉवेलच्या पॅरिसमधल्या एका रेकॉर्डिंगची नवी एलपी मागवली. जाडजूड तबकडी, देखणं कव्हर, वर 'रीमास्टर्ड' असं ठळक लिहिलेलं. सुई टेकवली आणि मिनिटाभरातच कळलं की काहीतरी हरवलंय. पियानो फुगलेला, बेस घुमणारा, आणि ड्रमवाला जणू शेजारच्या खोलीत बसून वाजवतोय. सिंबलवर (ड्रमसेटच्या झांजेवर) कुणी ओलं फडकं टाकलंय असं वाटत होतं. याच रेकॉर्डिंगची पंचवीस वर्षांपूर्वीची सीडी घरात होती. ती लावली, तर तेच सिंबल लख्ख, काठी टेकल्याचा टिच्च आवाजसुद्धा वेगळा. त्या रात्री झोप लागली नाही, इतकं वाईट वाटलं.

याचं कारण ड्रमवर केनी क्लार्क आहे. १९३० च्या दशकाच्या शेवटी ज्यानं लय पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून उचलली आणि उजव्या हाताखालच्या सिंबलवर नेऊन ठेवली, तो हा माणूस. पाय मोकळा झाला, मध्येच ठोसा द्यायला उरला, आणि वर सिंबलवर अखंड धागा चालू राहिला. पुढचं सगळं बीबॉप (१९४० च्या दशकातलं नवं, वेगवान जॅझ) त्या धाग्याला धरून उभं आहे. त्याच्या रेकॉर्डिंगमधून सिंबल पुसणं म्हणजे तंबोरा बंद करून गायकाला ऐकण्यासारखं आहे.

क्लार्क १९५६ मध्ये पॅरिसला गेला आणि १९८५ मध्ये जाईपर्यंत तिथलाच होऊन राहिला. त्यामुळे त्या काळात पॅरिसमध्ये जे जे चांगलं रेकॉर्ड झालं, त्यात बहुतेक ठिकाणी तो भेटतो. डिसेंबर १९५७ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या चित्रपटासाठी जे संगीत वाजवलं, तिथे ड्रमवर क्लार्क. १९५९ नंतर ब्लू नोट क्लबमध्ये बड पॉवेल आणि बेसवर फ्रेंच पिएर मिशेलो यांच्याबरोबर 'थ्री बॉसेस' नावाची तिकडी, तिथेही क्लार्क. २३ मे १९६३ ला सॅक्सवादक डेक्स्टर गॉर्डनची पॅरिसमधली प्रसिद्ध एलपी झाली, तिथे पुन्हा हेच तिघं मागे. त्या दिवशी पियानोवर केनी ड्रू बसायचा होता आणि नवी गाणी वाजवायची होती. पॉवेल आला, नव्या रचना नकोत म्हणाला, म्हणून जुन्या ओळखीच्या चिजा वाजवल्या. आज ती रेकॉर्ड ऐकताना त्याबद्दल मला पॉवेलचे आभारच मानावेसे वाटतात.

आता मूळ मुद्दा. ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय वादक मंडळी युरोपात का गेली हे बहुतेकांना माहीत असेल: काम होतं, माणूस म्हणून वागवलं जात होतं, आणि न्यूयॉर्कमध्ये क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं ते युरोपात लागत नव्हतं. सॅक्सवाला डॉन बायस १९४६ मध्ये डॉन रेडमनच्या बँडबरोबर आला आणि युरोपातच राहिला. सिडनी बेशे फ्रान्समध्ये स्थायिक झाला आणि तिथे सिनेतारकांसारखा लोकप्रिय झाला. पॉवेल १९५९ मध्ये आला; सॅक्सवाल्यांपैकी डेक्स्टर १९६२, जॉनी ग्रिफिन १९६३, बेन वेबस्टर १९६४. पण त्यांचं वाजवणं विखुरलं. थोडं फ्रेंच कंपन्यांकडे, थोडं जर्मन, डॅनिश, डच रेडिओकडे, थोडं क्लबवाल्यांकडे, थोडं चाहत्यांच्या घरच्या टेपवर.

पॉवेलचंच बघा. एप्रिल १९६० मध्ये जर्मनीत एसेनच्या महोत्सवात तो बेसवाला ऑस्कर पेटिफर्ड आणि क्लार्कबरोबर वाजवतो, नंतर सॅक्सवाला कोलमन हॉकिन्स येऊन मिळतो. १९६२ मध्ये स्टॉकहोमच्या गिलेने सर्कल्न क्लबमध्ये दोन स्वीडिश साथीदारांबरोबर वाजवतो. ते पुढे डॅनिश कंपनीनं पाच भागांत काढलं. ज्या फ्रान्सिस पोद्रानं त्याला आजारपणात स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, त्याच्या टेपांवरून निघालेली मालिका दहा भागांची आहे. मी कॉलेजात असताना जे काही वाचलं, त्यात पॉवेलची पॅरिसची वर्षं 'उतरती कळा' या दोन शब्दांत संपायची. रीइश्यू ऐकल्यावर कळतं की काही रात्री हात अडखळतोय, खरंय. पण काही रात्री तो असं वाजवतो की ऐकताना हातातला चहा गार होतो. ते दोन शब्द मी तरी पुन्हा वापरणार नाही.

म्हणून रीइश्यू हातात आला की मी आधी केनी क्लार्कचं सिंबल शोधते. ज्यात ते पुसलंय असे स्वस्त, बिननावाचे रीइश्यू निघूच नयेत असं मला वाटतं. तुम्ही काय ऐकता? कोणावर विश्वास ठेवता?

—

साउंडवाला_काका

ताई, धागा वाचून फार बरं वाटलं. तीस वर्षं मुंबईत रेकॉर्डिंगच्या खोलीत काढली आहेत, म्हणून तुमच्या सिंबलबद्दल थोडं सांगतो.

टेपची सुसू (मागे सतत चालणारा सुस्स आवाज) आणि सिंबलची चमक, दोन्हींचा मुक्काम एकाच ठिकाणी, वरच्या पट्टीत. सुसू काढायला जो चाकू चालवता, तोच सिंबलवर चालतो. कमी चालवला तर सुसू राहते, जास्त चालवला तर झांज पाण्याखाली जाते. शहाणा माणूस थोडी सुसू राहू देतो. कान दोन मिनिटांत सुसूला सरावतो, पण पुसलेलं सिंबल कधीच परत येत नाही.

दुसरं कारण फार लोकांना माहीत नसतं. टेप वाजवताना हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) कोन रेकॉर्ड करतानाच्या कोनाशी जुळला नाही, तर वरचे सूर आपोआप मरतात. प्रत्येक टेपसाठी हेड पुन्हा जुळवावं लागतं. घाईत काम करणारा ते करत नाही. त्यात १९५० च्या दशकातल्या कित्येक टेप ॲसिटेटच्या. त्या वाळून कडक होतात आणि काडीसारख्या तुटतात. निदान तुटतात त्या स्वच्छ, ताणल्या जात नाहीत, त्यामुळे जोडता येतात. हे काम करणाऱ्याच्या हाताला घाम सुटतो, अनुभव आहे.

तुम्ही माइल्सचं लिहिलंत म्हणून सांगतो. त्या संगीताच्या पहिल्या रेकॉर्डवर वरून घुमारा चढवला होता. १९८८ च्या सीडीत घुमारा न चढवलेले मूळ टेकही दिले. दोन्ही लागोपाठ ऐका. घुमाऱ्याशिवाय ट्रम्पेट इतका जवळ येतो की वादकाचा श्वास ऐकू येतो. मला स्वतःला कोरडाच आवडतो. घरचे म्हणतात ओला बरा, रात्रीचा पॅरिसचा रस्ता वाटतो.

—

कोपनहेगनकर

काका, वा! मी इथे डेन्मार्कमध्ये अकरा वर्षं आहे, म्हणून इथलं सांगतो.

कोपनहेगनच्या दक्षिणेला, जुन्या बंदराच्या भागात नव्या वस्तीच्या रस्त्यांना नावं दिली आहेत: बेन वेबस्टर्स वाय, डेक्स्टर गॉर्डन्स वाय, केनी ड्रूज वाय. पोस्टमन रोज ती पाकिटांवर वाचतो. पहिल्यांदा बसमधून पाटी दिसली तेव्हा मी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आलो. वेबस्टर १९७३ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये गेला, पण विसावला इथल्या असिस्टेन्स दफनभूमीत. केनी ड्रूही तिथेच.

डेक्स्टर इथे १९६२ ते १९७६ असा बऱ्यापैकी मुक्कामाला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात इथल्या मोंमार्त्र क्लबमधून डॅनिश रेडिओ त्याच्या मैफली प्रसारित करायचा. पियानोवर कातालोनियाचा तेते मोंतोलिउ, जन्मांध; ड्रमवर ॲलेक्स रील; आणि बेसवर नील्स-हेनिंग, जेमतेम अठरा वर्षांचा पोरगा. त्या टेप पुढे स्टीपलचेजनं काढल्या. ही कंपनी नील्स विंटरनं १९७२ मध्ये विद्यार्थी असताना सुरू केली.

यातली मजा म्हणजे डेक्स्टर गाणं सुरू करण्यापूर्वी बोलतो. ते खर्जातलं, सावकाश बोलणं रीइश्यूत कापलं तर मला राग येतो. आपल्याकडे गवई 'आता एक छोटीशी बंदिश ऐकवतो' म्हणतात, ते कुणी कापेल का?

—

निळी_तबकडी

कोपनहेगनकर, आपल्याकडेही कापतात हो! कित्येक कॅसेटवर कापलंय. पण तुमच्याशी पूर्ण सहमत.

उलटंही करतात. डिसेंबर १९६१ मध्ये पॉवेलनं पॅरिसमध्ये पियानोवादक थेलोनियस माँकच्या रचना वाजवल्या. निर्माता कोण, तर कॅननबॉल ॲडर्ली, स्वतः सॅक्सवादक. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग, पण एलपीवर वरून टाळ्या चिकटवल्या होत्या, जणू मैफल चालू आहे. सीडी काढताना त्या टाळ्या काढल्या. तेव्हा कुठे ड्रमवरचा ब्रश ऐकू आला.

—

नांदेडचा_श्रोता

ताई, काका, सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. मी विद्यार्थी आहे. माझ्याकडे ना टर्नटेबल ना आयात सीडीचे पैसे. डॉन बायस, लकी थॉम्पसन, बार्नी विलेन ही सॅक्सवाल्यांची नावं मला माहीत झाली ती याच स्वस्त, बिननावाच्या रीइश्यूंमुळे, आणि तेही फोनवर. सिंबल पुसलेलं असेल, मला फरक कळला नसेल. पण बायस ज्या पद्धतीनं संथ गाणं वाजवतो, सूर सोडताना त्यात जो श्वास मिसळतो, तो मला पोचला. ते स्वस्त रीइश्यू नसते तर या धाग्यावर मी नसतोच.

—

निळी_तबकडी

असं असेल तर मी माझं वाक्य थोडं मागे घेते. तू बायसचा श्वास ऐकलास, म्हणजे कान तयार आहे. पण स्वस्त आणि चांगलं एकत्र मिळू शकतं, हेही सांगते. फ्रान्समध्ये २००० मध्ये युनिव्हर्सलनं 'जॅझ इन पॅरिस' ही मालिका सुरू केली. बार्क्ले, फिलिप्स, फाँताना, व्हेगा अशा कंपन्यांच्या कोठारातलं, शंभराहून जास्त सीडी, प्रत्येकीच्या कव्हरवर पॅरिसचा जुना कृष्णधवल फोटो. किंमत बेताची, आणि आत कुणी वाजवलं, कुठे, कोणत्या तारखेला, सगळं छापलेलं. तुझे बायस, थॉम्पसन, विलेन तिघंही त्यात आहेत. त्यातल्या पियानोवादक मेरी लू विल्यम्स आणि सॅक्सवादक सनी क्रिसच्या सीडी शोध. क्रिस ऐकून मला सांग.

—

कायद्याची_बाजू

स्वस्त रीइश्यू इतके का निघतात, ते सांगते, कारण त्याचं मूळ कानात नसून कायद्यात आहे.

युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०११ च्या निर्देशानं तो ७० केला, आणि २०१३ च्या नोव्हेंबरपासून तो लागू झाला. पण ज्यांची ५० वर्षं आधीच संपली होती त्यांना वाढ मिळाली नाही. म्हणजे १९६२ अखेरपर्यंत बाजारात आलेली रेकॉर्ड युरोपात कुणीही काढू शकतो. मूळ टेप हवीच असं नाही, जुनी एलपी पुरते. म्हणूनच १९५० च्या दशकातल्या रेकॉर्डांचे दहा-दहा रीइश्यू दिसतात, आणि १९६३ नंतरच्यांचे कमी. डेक्स्टरची पॅरिसची एलपी त्या रेषेच्या अगदी पलीकडे पडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. रचनेचा हक्क वेगळा असतो, रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. तो देणं सुटत नाही. आणि वादकाच्या वारसांना मात्र अशा रीइश्यूतून काही मिळत नाही. जे वादक घरदार सोडून परक्या देशात वाजवत राहिले, त्यांच्या मुलांबाबत हे मला टोचतं. भारतात ध्वनिमुद्रणाची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षं आहे, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांचीही हीच गोष्ट होणार आहे.

—

कालव्याकाठी

ॲमस्टरडॅमहून. बायस शेवटची वर्षं याच शहरात होता, १९७२ मध्ये इथेच गेला. पण मला रेडिओबद्दल सांगायचंय, कारण कायद्याच्या बाजूचा चांगला तोडगा तिथे सापडतो.

सॅक्सवादक एरिक डॉल्फीची 'लास्ट डेट' (शेवटची तारीख) ही रेकॉर्ड सगळ्यांना ठाऊक आहे: २ जून १९६४, हिल्व्हर्सम, डच रेडिओसाठी, पियानोवर मिशा मेंगेलबर्ग, ड्रमवर हान बेनिंक. त्या महिन्याच्या २९ तारखेला डॉल्फी बर्लिनमध्ये गेला. मधुमेह होता, तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. वय फक्त ३६. पण ती तारीख शेवटची नव्हती. ११ जूनला त्यानं पॅरिसमध्ये फ्रेंच रेडिओसाठी वाजवलं, सोबत ट्रम्पेटवाला डोनाल्ड बर्ड आणि सॅक्सवाला नेथन डेव्हिस. तेही नंतर बाहेर आलं. नावामुळे लोक हिल्व्हर्समलाच शेवट समजतात.

डॉल्फीनं न्यूयॉर्कच्या बाजूच्या एका एकोणीस वर्षांच्या ट्रम्पेटवाल्याला पॅरिसला बोलावलं होतं, वूडी शॉला. शॉ निघण्याआधीच डॉल्फी गेला. तरीही तो आला. नेथन डेव्हिस होताच, आणि ऑर्गनवाला लॅरी यंगही येऊन मिळाला. १९६४-६५ मध्ये फ्रेंच रेडिओनं त्यांना रेकॉर्ड केलं. त्या टेपा पन्नास वर्षं सरकारी संग्रहात पडून होत्या. २०१६ मध्ये रेझोनन्स या अमेरिकन कंपनीनं संग्रहाशी रीतसर करार करून त्या काढल्या, सोबत जाडजूड पुस्तिका. ऐकताना मला सतत एकच वाटत होतं: ज्याच्या भरवशावर पोरगा समुद्र ओलांडायला निघाला तो उरला नाही, आणि हा तरी असा वाजवतोय.

—

मांडवीकाठ

सगळे पॅरिस-कोपनहेगन फिरून आलात, आता थोडं आमच्या गोंयकाराकडे या.

अमान्सियो डिसिल्वा. १९३६ चा जन्म, मुंबईचा, घराणं गोव्याचं, गिटारवादक. १९६७ मध्ये लंडनला गेला. तिथे निर्माता डेनिस प्रेस्टननं त्याला स्टुडिओ दिला आणि १९६९ मध्ये 'इंटिग्रेशन' निघाली: ट्रम्पेटवर इयन कार, सॅक्सवर डॉन रेंडेल. त्याच वर्षी जो हॅरियटबरोबर दुसरी रेकॉर्ड, नाव चक्क 'हम दोनो'. हॅरियट जमैकाचा, १९५१ मध्ये इंग्लंडला आलेला, आल्टो सॅक्सवाला. एक किंग्स्टनचा, एक मुंबईचा गोंयकार, दोघंही परक्या गावात. त्यात 'बॅलड फॉर गोवा' आहे. आमच्या घरी ते लागलं की माझी आजी काम थांबवून बसायची. तिला जॅझ काय ते माहीत नव्हतं. म्हणायची, 'हो आमचोच' (हा आपलाच).

या रेकॉर्डी कित्येक दशकं मिळत नव्हत्या. जुनी प्रत हवी तर पगार ओतावा लागायचा. रीइश्यू निघाले म्हणून आमच्यासारख्यांना ऐकता आल्या. आणि 'कोंकण डान्स' तर १९७२ मध्ये रेकॉर्ड होऊनही बाजारात आलीच नव्हती. ती पहिल्यांदा निघाली २००६ मध्ये. अमान्सियो १९९६ मध्ये गेला होता.

आता मराठी मंडळींसाठी. हॅरियट आणि कोलकात्याचे जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ सूट'मध्ये तबल्यावर केशव साठे आहेत. मुंबईचे, लंडनला स्थायिक झालेले. १९६७ मध्ये तेच साठे जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेनला स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सरच्या तिकडीबरोबर वाजवतात. सतारीवर दिवाण मोतीहार, आणि सॅक्सवर आपल्या नांदेडच्या मित्राचा बार्नी विलेन! 'जॅझ मीट्स इंडिया' हे त्या रेकॉर्डचं नाव. आणि 'इंडो-जॅझ सूट'च्या तंबोऱ्यावर ज्यांचं नाव छापलंय ते 'चंद्रहास पैगांका'. माझ्या कानाला ते सरळ पैंगणकर ऐकू येतं, म्हणजे काणकोणच्या पैंगीणचे. रीइश्यूवरही तेच अर्धं नाव तसंच छापतात. टेप साफ करायला एवढी मेहनत घेता, तर नावही साफ करा की.

—

नांदेडचा_श्रोता

विलेन आणि साठे एकाच रेकॉर्डवर! आजच ऐकतो. आणि ताई, सनी क्रिस ऐकला. तीनदा.

—

साउंडवाला_काका

मांडवीकाठ, तुमच्या आजीला माझा नमस्कार.

साठ्यांचं नाव आलं म्हणून ताईंच्या परीक्षेत एक पेपर वाढवतो. सिंबलवरून वरची बाजू कळते, तशी डग्ग्यावरून खालची. तळहात घासून जो 'घिं' निघतो, तो सूर वर चढताना तुटता कामा नये. एलपीवरून घाईत उतरवलेल्या प्रतीत टर्नटेबलची घरघर काढायला खालचं कापतात, आणि त्याबरोबर डग्गाही जातो. उरते फक्त चाटेवरची टकटक. 'इंडो-जॅझ सूट'च्या माझ्याकडे दोन प्रती आहेत. एकीत साठे पूर्ण तबला वाजवतात, दुसरीत अर्धा.

—

निळी_तबकडी

काका, त्या दोन्ही प्रती ऐकायच्या आहेत. तुम्ही दादरचे ना? रविवारी सकाळी चालेल का? मी पॉवेलच्या दोन्ही आणते, ती ओल्या फडक्याची पण. आणि मांडवीकाठ, कव्हरवरच्या त्या नावाचा नीट फोटो काढून इथे टाकता का? रीइश्यू काढणाऱ्या कंपनीला आपण सगळे मिळून लिहू. पत्राचा मसुदा मी करते, इंग्रजी कालव्याकाठी तपासतील.

—

कालव्याकाठी

तपासते. पण 'पैंगणकर' आहे हे आधी घरच्यांकडून पक्कं करा. पैंगीणला कुणाची ओळख आहे का?

—

मांडवीकाठ

माझी मावशी काणकोणची. आज संध्याकाळी फोन करतो.